कुंपणापलीकडची वांगी

कुंपणापलीकडं धाकट्या जावेची वांगी लगडली, की यशोदाचा तिळपापड व्हायचा. त्यात आज बागकाम शिकवणाऱ्या वाकडच्या मॅडम मोबाइलवरच्या वर्गात सगळ्यांच्या परसबागा पाहून पहिला नंबर काढणार होत्या. यशोदाला आपली कोथिंबीर नुसतं गवत वाटायला लागली. तिनं सरळ कुंपणावरून वाकून जावेच्या वांग्यांवर मोबाइल धरला.

"वा! तुमचीच ना?"

"व्हय मॅडम, लेकरावानी वाढवलीत!"

"छान! आता तुमच्या जाऊबाई दाखवतील."

यशोदानं कुंपणावर वाकूनच डोळे मोबाइलला लावले. आता तीच वांगी परत दिसणार!

"बघा मॅडम, माजी कोथिंबीर कशी तरारलीय!" जाऊ म्हणाली.

मोबाइलवर यशोदाचाच वाफा हिरवागार डोलत होता. आणि त्याच्या टोकाला, कुंपणावरून वाकलेली तिचीच पाठ!