पाऊण मिनिट

"पाय मागे घे, डार्लीन!"

डार्लीन दारातच थबकली. एका हातात गोळ्या, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. तिच्या चपलेचं टोक दिवाणखान्याच्या गालिच्याला जेमतेम लागलं होतं.

"पप्पा, चारच्या गोळ्या आहेत. देते आणि जाते."

"तिथेच थांब. मी येतो घ्यायला."

आणि एमिल सोरेन्सन, वय एक्क्याऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, खरोखरच वॉकर धरून उठला. धापा टाकत दारापर्यंत आला, टीव्हीवरची नजर न काढता गोळ्या गिळल्या आणि परत खुर्चीकडे निघाला. पोटच्या मुलीला खोलीत येऊ देण्यापेक्षा त्याला हे सोपं वाटलं.

गुन्हा बेचाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा डार्लीन दहा वर्षांची होती. शिकागोवाल्यांविरुद्धचा बेसबॉलचा सामना ऐन रंगात आलेला, ती क्रिंगल या गोड पावाचे तुकडे बशीत घेऊन आत आली आणि त्याच क्षणी आपल्या खेळाडूने हातात आलेला चेंडू सोडला. तेव्हापासून शिकागोशी गाठ पडली की तिची रवानगी स्वयंपाकघरात. आई होती तोवर निदान सगळे हसायचे यावर. भाऊ कर्ट खुशाल आत बसायचा, पायावर पाय टाकून. तो आता ॲरिझोनात असतो आणि नाताळला न चुकता फोन करतो. बापाला आंघोळ घालते डार्लीन, आणि पनवतीही डार्लीनच.

आपल्या संघाने दोघांचाही जीव नकोसा करून टाकला होता. शुक्रवारी शिकागोवाल्यांच्याच मैदानावर जाऊन बारा धावा कुटल्या. शनिवारी त्याच नऊ जणांनी हातावर भोपळा ठेवला. आज रविवार, तिसरा आणि निकालाचा सामना. हरायचंच असेल तर मेल्यांनो रोज हरा, माणूस एकदाचा सुटतो तरी. मधूनच असं जिंकून पुन्हा आशा लावायची ही कसली रीत? डार्लीनला याचा फार राग यायचा, आणि तरी ती एकही सामना सोडायची नाही.

उद्या अकराला एमिलला न्यायला वृद्धाश्रमाची गाडी येणार होती. खोकी बांधून झाली होती. तिथे टीव्ही होता तो सगळ्यांसाठी मिळून, हॉलमध्ये. म्हणजे या घरातला हा शेवटचा सामना. डार्लीनला फार काही नको होतं. आईच्या रिकाम्या खुर्चीत, त्याच्या शेजारी बसून, एक सामना. सकाळी तिने तसं विचारलंही होतं.

"उद्यापासून बस की हवं तितकं," एमिल म्हणाला होता. "आज नको. आज जिंकायचंय."

स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचा जुना रेडिओ होता. कर्टने मागच्या वर्षी घरातला टीव्ही इंटरनेटवर जोडून दिला, तेव्हापासून टीव्हीवरचा सामना रेडिओच्या पाऊण मिनिट मागे चालायचा. एमिलला याचा पत्ता नव्हता. डार्लीनने मुद्दामच सांगितलं नव्हतं. बापाच्या आधी आपल्याला कळतं, एवढीच एक चैन तिच्याजवळ होती.

नववा, शेवटचा डाव. आपले एका धावेने पुढे. शिकागोचे तीनपैकी दोन गडी बाद, दोन जण मधल्या तळांवर धावायला टपलेले. पहिलाच चेंडू त्यांच्या फलंदाजाने सरळ वर उडवला. उंच, अगदी सोपा झेल. "याच्यासाठी डोळे उघडे ठेवले तरी पुरे," रेडिओवाला म्हणाला. मग तो गप्प झाला, आणि शिकागोच्या प्रेक्षकांचा गलका तेवढा ऐकू येत राहिला.

झेल सुटला होता. दोघेही धावत मूळ तळावर पोचले, दोन धावा झाल्या. खेळ खलास.

डार्लीनने रेडिओ बंद केला. ओट्याची कड धरून ती उभी राहिली.

"डार्लीन!" आतून आरोळी आली. "दुसरा गेला! आता एकच राहिलाय! ये, आत ये!"

तिने ओट्यावरचं फडकं उचललं.

"अगं, ये ना! किती वर्षं बाहेर बसवलंय तुला. आईच्या खुर्चीत बस. आता कोण हरवतंय आपल्याला!"

ओव्हनमध्ये जेवण आहे, असं ओरडून सांगता आलं असतं. मग हरल्यावर त्याने संघालाच शिव्या घातल्या असत्या आणि ती सुटली असती. तिने हात पुसले आणि ती आत गेली.

ती बसताच एमिलने तिच्याकडे न बघताच तिचा हात धरला. टीव्हीवर शिकागोचा फलंदाज बुटाने माती उकरत होता.

"बघ हं आता," तो म्हणाला.

"बघते."

चेंडू वर उडाला. एमिल हसला, सगळ्या सुरकुत्यांसकट हसला. आई गेल्यापासून डार्लीनने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. चेंडूकडे तिचं लक्षच नव्हतं. ती त्याच्याकडे पाहत होती.

मग तोच गलका या खोलीतही झाला.

 एमिलने तिच्या हातातून आपला हात सोडवला आणि मांडीवर ठेवला.

"मी म्हातारा, भरात बोलावलं," तो म्हणाला. "तुला तरी कळायला नको होतं?"

"कळलं होतं, पप्पा," डार्लीन म्हणाली, आणि खुर्चीतून उठली नाही.