वळणाची खूण

सह्याद्रीतल्या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर, कड्याच्या अलीकडे, आधीच्या वाटसरूंनी एकावर एक दगड रचून वळायची खूण ठेवली होती. "लगोरी!" म्हणत सोबतच्या एकानं व्हिडिओसाठी तिला लाथ घातली. सगळे खिदळले. सुचिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या पावसाळ्यात अशीच कोणीतरी ही खूण पाडली, म्हणून तिचा भाऊ धुक्यात सरळ गेला आणि दरीत कोसळला. तिनं मुठीएवढा दगड उचलला. हसणं थांबलं. गोटमारीच्या जत्रेत नदीपार दगड भिरकावणाऱ्या पांढुर्ण्याची ही बाई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "गंमत केली, ताई," तो मागं सरकला. "गंमत? माहा भाऊ इथंच गेला, अन् तू दात काढून राहिला?" तिनं हात उगारला. मग तिनं तो दगड त्याच्या हातात कोंबला. "रच. उंच रच. माह्या भावाले धुक्यातबी दिसली पायजे."