गार तेलाचा नमुना

"बाबा, माझी गाडी कशावर चालते?"

लेक गॅरेजच्या दारात उभी होती, हातात कागद. मिस्त्री एका गाडीखालून सरपटत बाहेर आले. तेल बदलायची तारीख नसताना लेक आली म्हणून आधी चेहरा फुलला, मग कागद दिसला आणि तो उतरला.

"पेट्रोलवर. एवढंही विसरलीस का बयो?"

"मी नाही विसरले. तेल विसरलंय."

लेक तेलाच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. इंजिनात फिरून आलेलं तेल तपासायचं आणि ते अजून किती चालेल ते सांगायचं, हे तिचं काम. मिस्त्रींकडे तेच काम अंगठा आणि तर्जनी करायची. चाळीस वर्षं त्यांनी दोन बोटांत थेंब चोळून निकाल दिला होता आणि निकाल बहुतेक एकच असायचा: पाच हजार किलोमीटर झाले, तेल बदला. मागच्या खेपेला लेकीने त्यांच्या हातात एक छोटी बाटली दिली. तिच्या गाडीचं काढलेलं तेल त्यात भरायचं होतं. हल्लीची तेलं पंधरा हजारसुद्धा चालतात, तपासून बघू, असं म्हणून ती आईला भेटायला मागे घरात गेली.

आता बघा, पाच हजार म्हणजे साडेतीन महिने. पंधरा हजार म्हणजे जवळजवळ वर्ष. आणि लेक यायची ती तेल बदलायला. तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

"हे वाचा," लेक म्हणाली. "काजळी साडेतीन टक्के. वर दोन टक्के डिझेल. पेट्रोलच्या गाडीत! अख्खी लॅब हसली मला. आमचे साहेब म्हणाले, मॅडम, गाडी चालवता की पिठाची गिरणी?"

खोटं बोल पण रेटून बोल, म्हणतात. मिस्त्रींनी रेटायला सुरुवात केली. "हल्ली पेट्रोलमध्ये भेसळ फार..."

"बाबा."

"तुमची मशिनं तरी धड आहेत का?"

"बाबा! त्या दिवशी शेजारी दुधाचा टेम्पो उभा होता. त्याचंही तेल तुम्ही तेव्हाच काढलंत. घराच्या खिडकीतून माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

मिस्त्रींनी फडकं घेतलं आणि आधीच पुसलेला पाना पुन्हा पुसला. चाळीस वर्षांत या माणसाने गिऱ्हाइकाला एका थेंबाने फसवलं नव्हतं. आणि फसवलं ते कोणाला, तर पोटच्या पोरीला, जी तेलाची कुंडली मांडते तिलाच! धन्य ती अक्कल.

"तुझं तेल चांगलं होतं," ते शेवटी म्हणाले. "बोटांत धरलं तेव्हाच कळलं, हे अजून सहज चालेल. म्हणूनच नाही दिलं. वर्षातून तीन-चार वेळा दिसतेस. एकदाच दिसली असतीस."

"मी काय तेलासाठी येते होय?"

"मग? गाडी लावतेस, दोन तास थांबतेस, तेल झालं की चाललीस. तुझी आई ताट वाढते तोवर तू किल्ली मागतेस."

लेक रागवायला आली होती, वाटेत सगळी वाक्यं जुळवूनच आली होती. पण तिने कागदाची घडी घातली, घडीची आणखी एक घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

"एका रिपोर्टवर कोणी तेल बदलणं लांबवत नाही, बाबा," ती म्हणाली. "दर पाच हजाराला नमुना काढायचा. पाच-सहा रिपोर्ट ओळीने लावून बघायचे. मग ठरवायचं."

"म्हणजे तेल नाही बदललं तरी गाडी इथे येणार?"

"येणार. पहिला नमुना आजच काढा. माझ्याच गाडीचा!" तिने नवी बाटली पुढे केली. "इंजिन गरम आहे तोवर घ्या. दहा मिनिटांचं काम."

"दहा मिनिटं?" मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "छे छे, गरम नको. हात भाजेल. तेल गार होऊ दे."

तापलेल्या रेडिएटरचं झाकण नुसत्या फडक्याने उघडणारा माणूस हा!

"गार व्हायला किती वेळ लागेल?" लेकीने विचारलं.

"उद्याची सकाळ तरी उजाडेल."

तेल गरम असलं की त्यातले कण तरंगत राहतात, गार झालं की तळाशी बसतात. गार तेलाचा नमुना लॅबमध्ये कोणी आणला असता तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. तिने घड्याळ पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

"होऊ दे गार," ती म्हणाली आणि घराकडे तोंड करून ओरडली, "आई, मी आज राहतेय गं!"