वाकवलेलं बोट

मागणी घालायला आलेल्यांचं भाषण मधेच तोडलं तर सोयरीक मोडते, हे रानैवूला ठाऊक होतं. म्हणून नवऱ्या मुलाचे आजोबा रबेत्सारा कधीचे बोलत होते आणि तो निमूट मान डोलावत होता. तेवढ्यात त्याला आजोबांच्या गवती टोपीवर हैंगूचा, म्हणजे त्याच्या मुलीचा, पाळीव सरडा दिसला. बोटाच्या पेराएवढा, वाळक्या पानासारखा, जंगलातही सहसा न सापडणारा. करंडीतून निसटला होता. आजोबांचा हात घाम पुसायला टोपीकडे निघाला. सरडा चिरडला, तर दोन्ही घरांवर अरिष्ट! रानैवूने घाईघाईने खूण केली. सरड्याकडे सरळ बोट रोखायचं नसतं, म्हणून थडग्याकडे दाखवतात तसं, वाकवून.

आजोबांचं वाक्य अर्ध्यावर अडलं.

"मी काय थडगं आहे? अजून धडधाकट आहे मी!"

"आजोबा, हलू नका," हैंगू म्हणाली. "टोपीवर सरडा आहे."

आजोबांचा दगड झाला. हैंगूने सरडा अलगद उचलून घेतला, पण आजोबांना पुढचं वाक्य काही केल्या आठवेना.

"चला, उठा सगळे," ते गुरगुरले. "ही सोयरीक होणार नाही."

"तुम्ही बसा हो खाली!" इतका वेळ गप्प असलेल्या आजी म्हणाल्या. "रानैवू, पोरगी आम्हाला पसंत आहे. फक्त तो सरडा तिच्याबरोबर पाठवा. ह्यांना गप्प करणारं आमच्या घरात आजवर कुणी नव्हतं."