सेन्सरची जागा

"इथे," मिस्त्री म्हणाला आणि त्याने बोटीच्या तळाला खडूने फुली मारली.

बोट धक्क्यालगत लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. तिचा मालक स्वतःच तांडेल, म्हणजे बोट हाकणारा. तो ओणवा होऊन फुलीकडे बघत राहिला. खोक्यावर त्या वस्तूचं नाव ट्रान्सड्यूसर असं होतं. बंदरावर सगळे तिला सेन्सर म्हणत. मुठीएवढा सेन्सर तळाला भोक पाडून बसवायचा, तो पाण्यात किती खोल आहे ते मशीनला सांगायचं आणि वरपासून जमिनीपर्यंत किती पाणी आहे ते केबिनमधल्या पडद्यावर वाचायचं. पंख्याजवळ बसवला तर तो बुडबुडे मोजतो. फार पुढे बसवला तर लाटेवर उचलला जातो आणि काहीच मोजत नाही. मिस्त्रीने सकाळपासून तळाखाली सरपटून ही जागा काढली होती.

"मला खरं पाणी दिसलं पाहिजे," तांडेल म्हणाला. "तसूभर इकडेतिकडे नको."

"तीस वर्षांत मी कुणाला खोटं माप दिलेलं नाही."

हे खरं होतं. दुपारपर्यंत.

गेल्या हंगामात ही बोट खाडीच्या तोंडावर पाण्याखाली साचलेल्या वाळूत घुसली होती. वाळूला वळसा घालून जायला अर्धा तास जास्त लागतो. तांडेल थेट वाळूवरून गेला. तळाला भगदाड पडलं आणि बोटीवर असलेल्या त्याच्या धाकट्या भावाचा पाय मोडला. "पाणी होतं, वाळू सरकली," असं तांडेल भेटेल त्याला सांगत सुटला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने भर बंदरात छाती ठोकून जाहीर केलं, की बोट दुरुस्त झाली की पहिल्याच दिवशी पुन्हा त्याच वाटेने जाणार. घरच्यांनी हरतऱ्हेने समजावलं. ऐकेल तर शपथ.

दुपारी तांडेल डिझेलच्या रांगेत उभा असताना त्याची बायको मिस्त्रीसाठी डबा घेऊन आली.

"भाऊ, हे मशीन पाणी कमी दाखवेल का?"

"नाही वहिनी. त्याच्या खाली असेल तेवढं बरोब्बर मोजणार."

"म्हणजे जितकं खाली बसवाल तितकं कमी."

मिस्त्रीचा घास हातातच राहिला.

"माणसांचं ते ऐकत नाहीत," ती म्हणाली. "मशीनचं ऐकतील. स्वतः निवडून आणलंय."

मिस्त्रीने डबा संपवला, हात धुतले, फुली पुसली आणि अर्धा मीटर खाली, तळाच्या कण्याला जवळजवळ लागून, दुसरी मारली. भोक तिथे पाडलं. जागा बदलल्याचं मशीनला मात्र सांगितलं नाही.

चार वाजता तांडेलची आई काठी टेकत आली. सून येऊन गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं.

"हे आणखी जरा खाली घे. पाणी थोडं दिसलं की घाबरेल मेला."

"मावशी, याच्या खाली जमीन आहे."

"जमिनीत घाल कोण म्हणतंय? दुसरं काही होत नाही का?"

होत होतं. इतकं वजा करून दाखव, असं मशीनला बटण दाबून सांगता येतं. म्हातारीने अर्धा मीटर सांगितला. "सुनेला बोलू नकोस हो. म्हणेल, सासू सगळ्यात नाक खुपसते."

संध्याकाळी धाकटा भाऊ लंगडत आला. याच बोटीवर तो पुन्हा जाणार होता. तो बराच वेळ दोरीची गाठ सोडत बसला. ती सुटलेलीच होती.

"मिस्त्री, अर्धा मीटर कमी होईल? वहिनीला नका सांगू. आईला तर नकोच."

मिस्त्रीने त्याच्या पायाकडे पाहिलं आणि बटण दाबलं. धाकटा गेल्यावर त्याने केबिनचं दार लावून घेतलं आणि थोडा वेळ एकटाच आत थांबला.

सकाळी बोट पाण्यात उतरली. सोबत दोन खलाशी, धाकटा आणि मशीन तपासायला मिस्त्री. धक्क्यावर अर्धं बंदर बघायला जमलं होतं. बायको एका टोकाला उभी होती, आई दुसऱ्या.

वाळू जवळ आली. पडद्यावर अडीच मीटर, मग दोन, मग दीड. तांडेलने इंजिन थांबवलं. खुणा केलेला बांबू उचलला, बाहेर जाऊन तळ लागेपर्यंत पाण्यात सोडला, वर काढला, ओल कुठवर आली ते पाहिलं. साडेतीन. धाकटा पुढच्या टोकाला समुद्राकडे डोळे लावून उभा होता, ओळखीचं कुणी यायचं असल्यासारखा.

तांडेल केबिनमध्ये परत आला.

"दोन मीटर कुठे गेले?"

"तुमच्या घरात," मिस्त्री म्हणाला. "वहिनींनी अर्धा नेला. आईंनी अर्धा. धाकट्याने अर्धा."

"दीड झाला."

"ते भगदाड मीच बुजवलं होतं. माझं डोकं आत जात होतं त्यातून. अर्धा माझा."

तांडेलने सुकाणू धरलं. त्याचे हात थरथरत होते. बंदर सोडल्यापासून ते तसेच थरथरत होते, हे मिस्त्रीच्या आत्ता लक्षात आलं.

तांडेलने दारातून डोकं बाहेर काढलं आणि धक्क्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "मशीन म्हणतंय पाणी नाही! वळसा घालून जायचं! मशीनपुढे आपलं काय चालणार!"

बोट वळली. खलाशी आपापल्या कामाला लागले. तांडेलने केबिनचं दार ओढून घेतलं.

"परवा अमावास्या," तो हळूच म्हणाला. "भरतीला पाणी चढेल, मशीनही हो म्हणेल. माझाही अर्धा घालून ठेवा."