मामाचा पेला

“मामाच्या कोठडीत पाणी ठेवल्याशिवाय स्वतः घोट घ्यायचा नाही,” असं आईने शेवटच्या आजारात माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

बेटावरचा तुरुंग केव्हाच बंद झाला. आता लोक तो बघायला होडीतून येतात आणि मी कोठड्या झाडते. मामाला संप केला म्हणून इथे डांबलं होतं. पाणी पाणी करत तो गेला. तरी या जागेचं नाव अजून ‘खुन्यांचं बेट’च! मी देवाचं नाव घेणारी बाई, पण ते ऐकलं की अंगाची आग होते.

आज सकाळी गाइडने लोकांसमोर मामाच्या कोठडीत शिरून मी भरून ठेवलेला पेला जमिनीवर उपडा केला आणि दार ओढून घेतलं.

“आमच्या काकू भुतांना पाणी पाजतात! बघा हं, खुनी कसे रडायचे!” पेला गजांवर आपटत तो ओरडला, “पाणी! पाणी!”

सगळे खो खो हसले.

“तो खुनी नव्हता, दादा,” मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

मग त्याने गजांमधून पेला माझ्या हातात दिला. आपटण्याचा आवाज मात्र थांबला नाही.

त्याने दार ढकललं. त्या दाराची कडी, कुलूप सगळं कधीच काढलेलं आहे. दार हललं नाही. त्याच्या तोंडासमोरचे गज थरथरत होते.

लोक मागे सरकले. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

“काकू,” तो पुटपुटला, “पाणी.”

माझा राग जराही ओसरला नव्हता. पण आईला शब्द दिला होता. पेला घेऊन मी नळाकडे निघाले, सावकाश.