पुढच्या शुक्रवारी

"मास्तर फोनवर हाय, ताई. काय सांगू त्यांना?"

सहादेवनं मोबाईल छातीशी दाबून धरला होता. दुसऱ्या हातात क्लॅरिनेट. समोर स्टुडिओच्या टीव्हीवर चॅनेलच्या जाहिराती चालू होत्या.

आत्ताच, ब्रेक लागल्या लागल्या, कार्यक्रम चालवणाऱ्या गोरक्षनाथनं सत्यशीलाच्या कानात सांगितलं होतं, "मॅडम, आपला गलका बंद. आजचा शेवटचा. साडीवाल्या शेठनं जाहिरातीतून अंग काढून घेतलं. संपेपर्यंत कुणाजवळ बोलू नका. क्लॅरिनेटवाला उठून गेला, तर पुढं मी काय नुसतं तुमचं तोंड दाखवू?"

'शुक्रवारचा गलका' नगरच्या सावेडीतल्या केबल चॅनेलवर जेमतेम दोन महिने चालला होता. चार गाणी, एखादी नक्कल, मध्येच कुणी जादूवाला, आणि सगळं थेट. निवेदन सत्यशीलाचं. सहादेवनं सारा जन्म लोकांच्या वरातींपुढं वाजवण्यात घालवला होता. इथं पहिल्यांदाच तो खुर्चीवर बसून वाजवत होता आणि त्याचं नाव पडद्यावर येत होतं. गडी नुसता हरखून गेला होता.

"सूर्यभान मास्तर म्हनतो, तुळशीच्या लग्नापास्नं आख्खी लग्नसराई बँडमधी ये. आत्ताच सांग, न्हाईतर दुसरा बघतो. पन शुक्रवारी सुट्टी देत न्हाई. आपलं हे चालू राहनार ना, ताई?"

कंट्रोल रूमच्या काचेपलीकडं गोरक्षनाथनं हात जोडले. मग बोट ओठांवर ठेवलं.

वर्षभराचं पोट लग्नसराईवर भरणाऱ्या माणसाला काय सांगावं? खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. आणि खरं बोलायचं धाडस, देवा शप्पथ, तिचं झालं नाही.

"ठेवा भाऊ फोन," ती म्हणाली. "गाणं सुरू होतंय."

सहादेवला तो होकारच वाटला. तो खुलला. "न्हाई जमायचं, मास्तर. आमचं टीव्हीवर पक्कं हाय आता."

गाणं सुरू झालं आणि सहादेव असा काही वाजवायला लागला की ढोलकीवाला हात थांबवून बघत राहिला. डोळे मिटलेले, मान डोलतेय. सत्यशीलाला ते ऐकवेना. आपण या माणसाचा गळा कापलाय, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. गाणं संपलं. आता कॅमेऱ्याकडं बघून गोड हसायचं आणि शेवटच्या गाण्याआधी नेहमीसारखं म्हणायचं, भेटू या पुढच्या शुक्रवारी.

"मंडळी, पुढचा शुक्रवार नाही," ती म्हणाली. "आजचा हा शेवटचा कार्यक्रम. सूर्यभान मास्तर, तुम्ही बघत असाल तर सहादेवभाऊंना बँडमध्ये घ्या. ते नाही म्हणाले, ती चूक माझी आहे."

बोलून झाल्यावर तिचं टीव्हीकडं लक्ष गेलं. तिथं एक बाई कुकरचं झाकण लावत होती. गोरक्षनाथनं पहिल्याच वाक्याला जाहिरात सोडली होती. नगरमधल्या एकाही घरात तिचा शब्द पोचला नव्हता. ऐकलं ते खोलीतल्यांनी.

सहादेवनं तिथंच फोन लावला. मास्तरचा आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू आला.

"आता कशाला रं? नेवाशाचा पोरगा ठरवला की मी. तू टीव्हीवाला मानूस!"

फोन खिशात गेला. काचेपलीकडून गोरक्षनाथ खुणा करत होता, जाहिराती संपत आल्यात, शेवटचं गाणं बाकी आहे.

सत्यशीलाला वाटलं, आता हा चार शिव्या हासडील आणि चालता होईल. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं. पण सहादेवनं क्लॅरिनेट पुसलं, खुर्ची पुढं ओढली आणि तिच्याकडं बघितलं.

"मगाशीच सांगायचं, ताई. मी काय गानं अर्ध्यावर टाकून गेलो असतो व्हय?"